ओळख पटवायला आलेली माणसं

जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने माखलेली जी देवळं आपण पाहतो, त्यांच्यावरून शिंदे घराण्याचा हात फिरलेला आहे. केदारनाथाचं आजचं मोठं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधून घेतलं, शेजारचं केदारेश्वराचं दौलतरावांनी १८०८ मध्ये. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या या पाटलांचं जोतिबा हे कुलदैवत. पुढे घराणं उज्जैन-ग्वाल्हेरला जाऊन राजेपदाला पोचलं, तरी देव बदलला नाही. महादजी शिंद्यांच्या शिक्क्यात पराक्रमाची फुशारकी नाही. राणोजीचा मुलगा महादजी जोतिस्वरूपाच्या चरणी तत्पर आहे, एवढंच तो शिक्का सांगतो.

या भक्ताच्या वाट्याला १७७६ साली एक विचित्र मोहीम आली. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर त्याला चालून जायचं होतं.

सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. पण पडले म्हणजे नेमके कसे, कुठे, कोणी पाहिलं, याचा मेळ कधीच नीट लागला नाही. अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय की रणांगणातलं एक प्रेत अंगावरच्या जुन्या खुणांवरून भाऊंचं म्हणून ओळखण्यात आलं आणि त्याला अग्नी देण्यात आला. पुण्यात मात्र पार्वतीबाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, हे मानलं नाही. कुंकू पुसलं नाही, विधवेचा वेश घेतला नाही. शनिवारवाड्यात एक बाई सवाष्ण म्हणून वावरते आहे आणि तिचा नवरा मेल्याचं सगळं राज्य जाणतं, अशी ती अवघड परिस्थिती. बाई १७८३ मध्ये वारल्या, तोवर ती तशीच राहिली.

अशा घरात तोतया येणार नाही तर कुठे येणार? उत्तरेत बुंदेलखंडाकडे एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. नाव सुखलाल; काही कागदांत सुखनिधान. चेहरामोहरा भाऊंसारखा, म्हणे. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पकडून आणलं, चौकशी झाली, तो तोतया ठरला. तरी जीव घेतला नाही. गडागडांवर फिरवत शेवटी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात डांबलं. (ही कोकणातली रत्नागिरी. जोतिबाच्या डोंगरावरची ती वाडी रत्नागिरी, वेगळी. कोल्हापूरकराला हा खुलासा लागत नाही, बाकीच्यांना लागतो.) त्या वेळीच मारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं इतिहासकार सहज म्हणून जातात. मला वाटतं, तेव्हा कोणाचा हात उचलला गेला नसणार. घरात कुंकू लावून वाट पाहणारी बाई आहे, आणि समोर ‘तोच मी’ म्हणणारा माणूस. शंभरात एक शक्यता असली, तरी त्या एकाचं काय?

१७७६ च्या फेब्रुवारीत किल्ल्याचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडलं. पेशवाईचा तो पडता काळ होता. नारायणरावांचा खून होऊन अडीच वर्षं झालेली, गादीवर दोन वर्षांचं मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, आणि पुरंदरचा तह नुकता होऊ घातलेला. बघता बघता तोतयाभोवती हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या स्वाधीन होत गेले, आणि तो बोरघाटाकडे सरकला. त्याला अडवायला गेले महादजी शिंदे आणि भिवराव पानसे.

महादजींच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, हे कोणत्याच बखरीत नाही. पण हिशेब मांडता येतो. पानिपताच्या आधीच्या वर्षी, जानेवारी १७६० मध्ये, यमुनेच्या काठी बुराडी घाटावर भाऊ दत्ताजी पडलेला. पानिपतानंतर पुतण्या जनकोजी शत्रूच्या हाती लागून मारला गेलेला. स्वतः महादजी पायावर घाव घेऊन निसटले, ते राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून आणलं म्हणून. पाय जन्मभर अधू राहिला. ज्याच्या झेंड्याखाली पानिपत झालं, त्याचंच नाव सांगत एक माणूस आता पुण्यावर चालून येत होता. महादजींनी खऱ्या भाऊंना पाहिलं होतं. नाना फडणीसही पानिपतावर होते, त्यांनीही पाहिलं होतं. न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांचा, आणि राज्य अशाच लोकांनी भरलेलं असतं.

तोतयाची फौज मोडली. तो समुद्रमार्गे मुंबईकडे पळाला, वाटेत कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या तावडीत सापडला आणि पुण्यात आणला गेला. इथे कथा खऱ्या अर्थाने कोर्टात शिरते. त्याला थेट मारता आलं असतं. बंडखोर पकडला गेल्यावर कोणी कारण विचारत नाही. पण नानांनी पुन्हा चौकशी बसवली. रामशास्त्री प्रभुणे त्या पंचांत होते. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांना समोर आणलं गेलं, शहराला साक्षी ठेवलं गेलं. कारण शिक्षा देण्याआधी एक गोष्ट सर्वांसमक्ष ठरायला हवी होती: हा माणूस कोण आहे? निकाल आधीच्या चौकशीसारखाच लागला. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला हत्तीच्या पायी देऊन संपवलं. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात हेच महादजी पेशव्यांच्या बाजूने कोल्हापूरवर चालून आले. कुलदैवताच्या डोंगराखाली तोफा डागायची वेळ भक्तावर आली, तेही राजकारणच.

तोतयाच्या या प्रकरणावर पुढे न. चिं. केळकरांनी नाटक लिहिलं. पण मला त्याचा खरा वारस दिसतो तो जवळजवळ दोनशे वर्षांनी आलेल्या एका चित्रपटात, आणि त्यात पेशवे, किल्ले, फौजा यांतलं काहीच नाही. एक वकील, एक बाई आणि एक कोर्ट.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ मध्ये आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो बेतलेला. काशिनाथ घाणेकर आणि भावना ही जोडी. गीतं गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं, आणि आशा भोसल्यांच्या आवाजातलं त्यातलं डोळ्यांच्या पाखरांचं गाणं आजही रेडिओवर लागलं की घरातली वडीलधारी माणसं हातातलं काम थांबवतात. त्या वर्षीचं मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक ‘पाठलाग’ला मिळालं.

गोष्ट अशी. वकिलाची तरुण बायको वारते. त्याच्या मांडीवर, त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत. तिच्या मरणाबद्दल शंकेला जागाच नाही. तो अजून त्या दुःखातून बाहेर आलेला नाही, तोच पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून एका बाईला पकडतात आणि ती म्हणते, मी या वकिलांची बायको. तिचा चेहरा हुबेहूब मेलेल्या बायकोचा. खटला उभा राहतो तो दरोड्याचा, पण पहिल्या दिवसापासून कोर्टात चाललेली झटापट वेगळीच असते. तोच प्रश्न: ही बाई कोण आहे?

या चित्रपटाची माणसं कोल्हापूरच्या मातीत किती रुजलेली होती, हे पाहण्यासारखं आहे. राजाभाऊ परांजपे शेजारच्या मिरजेचे, जन्म १९१०. गदिमा माणदेशातले, पण सिनेमाचं पहिलं दार त्यांच्यासाठी उघडलं ते कोल्हापुरात, मास्टर विनायकांच्या ‘हंस’ कंपनीत. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त ते एका किरकोळ भूमिकेत दिसतात. डावजेकर विनायकांच्याच पुढच्या कंपनीत, ‘प्रफुल्ल’मध्ये, संगीतकार म्हणून पुढे आले. कादंबरी उचलून पडद्यावर आणायची रीतही याच गावाने मराठीला लावली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. दोनच वर्षांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ आला आणि त्यात तरुण शांतारामांनी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचं काम केलं. खोटा दस्तऐवज आणि त्यापुढे हतबल झालेला अडाणी माणूस, हे मराठी पडद्याने पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. कागद खरा की माणूस खरा, हा झगडा त्या मूकपटातही होताच. ‘पाठलाग’ने तोच झगडा पलटवला. इथे कागदही बाईच्या विरुद्ध आणि नवऱ्याची आठवणही. बाजूने बोलायला फक्त तिचं तोंड.

पण ‘पाठलाग’ एकटा आलेला नाही. त्या चार-पाच वर्षांत सगळ्या महाराष्ट्राला कोर्टाचं वेड लागलेलं होतं, आणि त्याला कारण एकच खटला होता. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, मुंबईत गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे सरकारची बाजू मांडणाऱ्यांत पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड होते. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये, ज्या वर्षी ‘पाठलाग’ आला त्याच वर्षी, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. वर्तमानपत्रांनी हा खटला मालिकेसारखा लावून धरला होता. ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती, त्या घरांत सरतपासणी, उलटतपासणी, ज्युरी हे शब्द जेवताना बोलले जात होते. हिंदीत बी. आर. चोप्रांनी १९६० मध्ये एकही गाणं नसलेला ‘कानून’ काढला आणि तो चालला. १९६३ मध्ये सुनील दत्त आणि लीला नायडू यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला; तो कशावर आहे हे सांगायची कोणाला गरज पडली नाही.

मराठी प्रेक्षकाला मात्र नानावटीच्या पिस्तुलापेक्षा दुसऱ्याच एका कोर्टाने पकडून ठेवलं होतं. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ च्या ऑक्टोबरात दिल्लीत पहिल्यांदा रंगमंचावर आलं. माधव काझी प्रकरणावर बेतलेलं हे नाटक सगळं कोर्टात घडतं. एकेक साक्षीदार उभा राहतो, फिरता रंगमंच फिरतो, आणि पिंजऱ्यातला माणूस दर वेळी वेगळा होऊन समोर येतो: दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री. आणि कोर्टात तो म्हणतो मी लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, यातलं काहीच माझं नाही. प्रभाकर पणशीकरांनी ही पाच माणसं हजारो प्रयोगांत उभी केली. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला त्या निपाणीची वेगळी गंमत होती. तासाभराच्या वाटेवरचं गाव, तंबाखूच्या वखारी माहितीच्या, आणि १९५६ पासून सीमेपलीकडे गेल्याचा सल ताजा. लखोबाची बोली त्यांना नाटकातली वाटलीच नसणार.

आता हे दोन खटले शेजारी ठेवा. पिंजऱ्यातला पुरुष सांगतो, ‘तो मी नव्हेच.’ त्याला फसवलेल्या बायका आणि त्यांचे नातेवाईक एकेक करून येतात आणि म्हणतात, तोच हा. पुरावा आरोपीचा दंड धरून त्याला त्याच्या नावाकडे ओढत नेतो आणि तो हसत निसटतो. दोनच वर्षांनी पडद्यावरच्या पिंजऱ्यात एक बाई उभी राहते आणि उलटं सांगते, तीच मी. आणि सगळे म्हणतात, नव्हेच. लखोबाने नाव नाकारलं तर त्याला सुटका मिळणार असते. या बाईला नाव मिळालं तरच घर मिळणार असतं, नाहीतर तुरुंग. अत्र्यांच्या नाटकाला हसत बाहेर पडणारा प्रेक्षक ‘पाठलाग’ला श्वास रोखून बसला, त्यामागे हा फरक असावा. नाव नाकारण्याची चैन पुरुषाला परवडते. बाईला नाव दुसऱ्याकडून मागावं लागतं, आणि ज्याच्याकडून मागायचं तो समोर काळा कोट घालून उभा आहे.

दिग्दर्शक म्हणून राजाभाऊंनी हा तिढा नीट ओळखला होता. त्यांचं नाव तोवर ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ अशा हसवणाऱ्या चित्रपटांशी आणि ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ अशा डोळे ओले करणाऱ्या चित्रपटांशी जोडलेलं. रहस्यपट हा त्यांचा प्रांत मानला जात नव्हता. पण विनोदी चित्रपट ज्याला जमतो त्याला वेळ साधता येते, आणि उलटतपासणीत वेळ हेच सगळं असतं. कुठल्या प्रश्नानंतर किती थांबायचं, कोणाच्या चेहऱ्यावर जायचं.

या गोष्टीतली उलटतपासणी जवळून पाहिली तर तिची रचना अशी दिसते. आधी सोपे प्रश्न: घर, नोकर, लग्नाची तारीख. कोणीही माहिती काढून पाठ करू शकेल असं. बाई पास होते, पण त्याने काही सिद्ध होत नाही. मग प्रश्न आत सरकतात. दोघंच असताना काय बोलणं झालं, कुठल्या भांडणानंतर कोण आधी बोललं. इथेही ती बरोबर उत्तरं देते, आणि आता हरायला लागतो तो वकील. कारण जे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही ते तिला ठाऊक आहे. नवरा म्हणून त्याचा जीव सुटू पाहतो, पण वकील म्हणून तो सुटू देत नाही. बायकोला त्याने मरताना पाहिलंय. आणि मग एखादी अशी वस्तू पुढे येते की जिचं उत्तर बाईला देता येत नाही. दोन वर्षांनी आलेल्या हिंदी अवतारात, ‘मेरा साया’त, ती वस्तू मंगळसूत्र आहे. इतकं सगळं अचूक सांगणारी बाई तिथे अडखळते, तिचं उत्तर कोर्टाला पटत नाही, आणि आतापर्यंतची प्रत्येक बरोबर गोष्ट त्या एका अडखळण्याने खोटी ठरते.

कायदा शिकलेल्या माणसाला हे पाहताना गुदगुल्या होतील. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२२ सांगायचं की लग्न टिकून असताना नवरा-बायकोंनी एकमेकांना जे सांगितलं, ते उघड करायला त्यांच्यापैकी कोणालाही भाग पाडता येत नाही. आणि दुसऱ्याची संमती नसेल तर ते उघड करायला परवानगीही नव्हती, काही अपवाद सोडून. म्हणजे बघा. बाई खरी बायको असेल तर तिने जे जे सांगून स्वतःला सिद्ध करायचं, ते सांगायचीच तिला मनाई. आणि ती बायको नसेल तर मनाई नाही, पण मग तिला ते ठाऊक असायचं कारण काय? कोर्टाने पहिल्या प्रश्नालाच अडवायला हवं होतं. शिवाय ज्या वकिलाची साक्ष निघणार त्याने त्याच खटल्यात वकीलपत्र घेऊ नये, हा धंद्याचा साधा दंडक. तेव्हा हे खटले खऱ्या कोर्टात असे चालले नसते, हे उघड आहे. प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही आणि वाटू नयेही. त्याला कोर्ट हवं आहे ते एवढ्याचसाठी की घरात जे प्रश्न विचारता येत नाहीत ते चारचौघांत, शपथेवर विचारले जावेत.

उकल जुनीच आहे: जुळी बहीण. मेली ती बायको नव्हतीच, दरोडेखोराची बायको असलेली तिची बहीण होती. ‘पाठलाग’च्या आधी आणि नंतर जुळ्यांवर इतके चित्रपट निघाले की आज ही कल्पना ऐकून कोणी भुवई उंचावणार नाही. चोप्रांच्या ‘कानून’नेही सारखा दिसणारा माणूस आणूनच सुटका करून घेतली होती. माझी तक्रार जुळेपणाबद्दल नाही. तो मान्य केल्यावर जे उरतं ते जास्त टोचतं. नवऱ्याने ज्या प्रेताला बायको म्हणून ओळखलं, ते तिचं नव्हतं, आणि त्याला ते ओळखता आलं नव्हतं. मांडीवर मेलेली बाई आपली नव्हे हे न कळलेला माणूस कोर्टात उभा राहून दुसरीला विचारतो, तुझा पुरावा काय?

मराठीत यश मिळताच कथा प्रवासाला निघाली. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’ आला. १९६६ मध्ये राज खोसलांनी ‘मेरा साया’ काढला आणि तिचं रूपच पालटलं. काळ्या-पांढऱ्या मध्यमवर्गीय घराच्या जागी रंगीत हवेली, उदयपूरचा तलाव, आणि वकील ठाकूरही झाला. सुनील दत्त आणि साधना. साधनाबरोबरचा खोसलांचा एक गूढपट आधीच गाजला होता, दोनच वर्षांपूर्वीचा ‘वह कौन थी’. सरकारी वकील के. एन. सिंग यांच्या एका भुवईवर प्रेक्षागृह गप्प व्हायचं. मदनमोहन यांचं संगीत, लताबाईंचं शीर्षकगीत, आणि आशाबाईंचं बरेलीच्या बाजारातलं गाणं, ज्याचा कोर्टाशी काडीचा संबंध नाही पण ज्याच्यामुळे चित्रपट आजही लग्नाच्या वरातींत जिवंत आहे. या सगळ्या वैभवात मूळ कादंबरीकार देवकुळे मागे पडले. रहस्यपटांच्या गप्पांत ‘मेरा साया’ निघतो, त्यातल्या एखाद्याला ‘पाठलाग’ आठवतो, आणि ‘आशा परत येते’ वाचलेला माणूस क्वचितच भेटतो.

तिन्ही भाषांत एक गोष्ट कोणी बदलली नाही असं दिसतं, ती म्हणजे सत्य कुठे कळतं ती जागा. हिंदीत तर ते स्पष्टच आहे. कोर्ट बाईला खोटी ठरवतं, ती मनाने ढासळते, वेड्यांच्या इस्पितळातून निसटून रात्री त्याच घरात येते आणि मग सगळं उलगडतं. न्यायाधीश, ज्युरी, साक्षीदार यांतलं तिथे कोणी नाही. ज्या ओळखीसाठी इतकं कोर्ट उभं केलं ती शेवटी घराच्या चार भिंतींत पटते, आणि तीही नवऱ्याने मान्य केल्यावर.

खऱ्या आयुष्यात हे उलटंही घडलेलं आहे, आणि तेही याच देशात. बंगालच्या भवाल जमीनदारीचे मधले कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले असं सांगण्यात आलं. बारा वर्षांनी ढाक्यात आलेल्या एका संन्याशाला लोक कुमार म्हणू लागले. बहिणीने ओळखलं, रयतेने ओळखलं. पत्नी बिभावतीने ओळखायला साफ नकार दिला. १९३० मध्ये दावा दाखल झाला, शेकडो साक्षीदार आले, अंगावरच्या खुणा, पायाची ठेवण, सही, सगळं तपासलं गेलं. १९३६ मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसूंनी संन्यासी हाच कुमार असा निकाल दिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि जुलै १९४६ च्या अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब केलं. सोळा वर्षांनी माणसाला त्याचं नाव मिळालं. ते हाती आल्यावर काही दिवसांतच तो वारला. बिभावतीने तो आपला नवरा होता हे शेवटपर्यंत मानलं नाही.